दोन राजांचे नाटक

एका राज्यात बारा वर्षे मिठाला चव नव्हती. गूळ खाल्ला तरी मातीसारखा लागे, मोगरा हुंगला तरी नाकाला काही कळत नसे. लोक जेवत, कारण जेवल्यावाचून चालत नाही. त्या बारा वर्षांत जन्मलेल्या लेकरांना गोड म्हणजे काय, हे कोणालाही समजावून सांगता येत नव्हते.

त्या राज्याचा राजा सुमेरुसेन. राजा न्यायी होता, कष्टाळू होता. मोठा दुष्काळ पडला तेव्हा कृकलास नावाच्या मांत्रिकाच्या सांगण्यावरून तो काळडोंगराच्या गुहेत शिरला, तिथला खजिना त्याने बाहेर काढला आणि परमुलखातून धान्य आणून प्रजा जगवली. गुहेत जाताना त्याच्याबरोबर धाकटा भाऊ जयंतक होता. आत दोघे गेले, बाहेर एकटा आला. आणि आला तो आपल्याला भाऊ होता हेच विसरून आला. त्याच दिवशी राज्यातली चव गेली.

तेव्हापासून राजाला हसू नाही की आसू नाही. दरबारात बसल्या बसल्या तो मध्येच विचारी, "माझे काहीतरी हरवले आहे. काय हरवले आहे?"

साऱ्या राज्याला उत्तर ठाऊक होते, पण त्या उत्तरावर शाप होता. राजाला ते सांगायला जो जाई, तो तिसऱ्या शब्दाला दगड होई. पहिल्यांदा राजगुरू उठले. "महाराज, आपला भाऊ" एवढे म्हणाले, आणि उघड्या तोंडानिशी पाषाण झाले. मग राजाची आई उठली. तिलाही तिसरा शब्द पुरता बोलता आला नाही. अशी अकरा माणसे दरबाराच्या भिंतीशी उभी राहिली. पुढे राजाने विचारणेच सोडून दिले.

अकरावा होता दरबारचा सूत्रधार भूधर. त्याची मुलगी कुवलया तेव्हा अठरा वर्षांची होती आणि हातात झांज घेऊन खांबाशी उभी होती. वडिलांच्या गळ्याच्या शिरा पांढऱ्या पडताना तिने पाहिल्या. त्यानंतर सहा वर्षे ती दर आठवड्याला दरबारात येई आणि ओल्या फडक्याने वडिलांचे खांदे पुसून जाई. कपड्यांच्या दगडी चुण्यांत धूळ साचे, ती बोटाने काढावी लागे.

एकदा तिथे राजा आला. दरबार रिकामा होता.

"हा तुझा कोण?" राजाने विचारले.

"वडील, महाराज."

"मला काही सांगायला आला होता."

"होय, महाराज."

राजा बराच वेळ त्या दगडी तोंडाकडे पाहत राहिला. मग हळू म्हणाला, "तू सांगू नकोस."

कुवलया घरी आली, पण ते तीन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. राजाने विचारावे कसे, आणि विचारू नये तरी कसे. तिने वडिलांची नाटकमंडळी पुन्हा उभी केली होती, नाटकेही ती स्वतःच लिही. तिने ठरवले, जे तोंडाने सांगता येत नाही ते नाटकाने सांगावे. मुखवट्याच्या आडून बोलणारा माणूस तो माणूस नसतो, हे तर वडिलांनीच तिला शिकवले होते.

तिने दोन भावांचे नाटक लिहिले. धाकट्याचे काम रेवण नावाच्या नटाला दिले. रेवण आवाजाचा खणखणीत आणि मनाचा धीट होता. वसंतोत्सवाच्या दिवशी, भर दुपारी, राजासमोर पडदा उघडला. रेवण पुढे आला, राजाकडे तोंड करून म्हणाला, "दादा, मी तुझा..." आणि त्याचे डावे पाऊल घोट्यापर्यंत दगड झाले.

कुवलयाने स्वतः दोर ओढून पडदा पाडला. राजाला काही कळले नाही, नट आजारी पडला असे त्याला सांगितले गेले. फक्त सिंहासनामागे उभा असलेला मांत्रिक कृकलास कुवलयाकडे पाहून हसला. शाप खुळा नव्हता. मुखवट्यामागचे तोंड त्याला ओळखू येत होते.

रेवणला चौघांनी उचलून घरी नेले. कुवलया त्याच्या उशाशी बसली. "माझ्यामुळे झाले," ती म्हणाली.

"नाटक वाईट नव्हते," रेवण म्हणाला. "अपुरे होते."

ती उठून गावाबाहेर गेली. तिथे कुंभ्याच्या झाडावर एक म्हातारा भारद्वाज राहत असे. त्या राज्यात पक्षी बोलत, पण कामापुरतेच.

"पक्षिराज," कुवलया म्हणाली, "राजाला सांगायचे आहे आणि सांगता येत नाही."

"काय सांगायचे ते तुला तरी ठाऊक आहे का?" भारद्वाजाने विचारले. "गुहेत काय झाले ते पाहिलेस?"

"नाही."

"मग आधी गुहेत जा. वाटेत अंधडोह आहे, पुढे यक्षाची खिंड, शेवटी नाग. तिन्ही ठिकाणी माणसे गेली. राजानंतर परत कोणी आले नाही."

कुवलया निघाली. पाठीवर नाटकाची पेटी होती, कारण नटाला पेटी सोडून जाण्याची सवय नसते.

दुपारपर्यंत अंधडोह लागला. डोहात पायरीचे दगड होते. पाण्याकडे पाहावे तेव्हाच ते दिसत, आणि जो पाण्याकडे पाही त्याची दृष्टी जाई. काठावर कितीतरी आंधळी माणसे एकमेकांचा हात धरून बसली होती. कुवलयाने पेटी उघडली आणि तोंडाला रंग लावायचा आरसा काढला. डोहाकडे पाठ करून तिने आरशात पाणी पाहिले. आरशातल्या पाण्याने तिचे काहीच बिघडले नाही. आरशात बघत बघत, उलट्या पावलांनी, ती डोह ओलांडून गेली.

मग खिंड आली. खिंडीच्या तोंडाशी यक्ष बसला होता, डोंगराच्या कड्याएवढा. वाट त्याच्या मांडीखालून जात होती. त्याने मांडी उचलल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि जो त्याच्याशी बोले त्याला तो गिळून टाकी. कुवलया त्याच्यासमोर एका धोंड्यापाशी बसली आणि धोंड्याशी बोलू लागली.

"काय रे धोंडोबा," ती म्हणाली, "आमच्या गावात म्हणतात, या खिंडीतला यक्ष इतका म्हातारा झाला, की त्याला आता मांडीसुद्धा उचलता येत नाही. मला काही ते खरे वाटत नाही. तुला काय वाटते?"

लेकी बोले सुने लागे. यक्षाचा चेहरा लाल झाला. पण त्याच्याशी तर कोणी बोललेच नव्हते, तेव्हा गिळायचे कोणाला. त्याने रागारागाने मांडी उचलून दाखवली, आणि कुवलया खालून पलीकडे गेली.

काळडोंगराच्या गुहेत नाग वेटोळे घालून पडला होता. त्याच्या अंगावर शेवाळ चढले होते. त्याने फणा वर केला आणि म्हणाला, "मुली, विचारू नकोस. इथे झालेले सांगणार नाही, असा माझा शब्द गेला आहे."

"मी विचारत नाही," कुवलया म्हणाली. "दमले आहे, बसते. बसल्या बसल्या एक गोष्ट सांगते." आणि ती मनाला येईल तसे सांगू लागली. "एक राजा आणि त्याचा भाऊ एका गुहेत आले. खजिन्याजवळ एक वाघ होता."

नाग अस्वस्थ झाला. "वाघ कसला," तो म्हणाला. "मीच होतो."

"असेल. वाघ म्हणाला, खजिना घ्या आणि सुखाने जा."

"फुकट कोण देईल? एकाने इथे ओलीस राहावे, दुसऱ्याने खजिना न्यावा. ज्याने नेला त्यानेच परत आणावा, मग ओलीस सुटेल. तीन दिवसांत आणतो म्हणाला होता."

"मग धाकटा भाऊ आनंदाने राहिला. निरोप देताना तो हसत होता."

यावर मात्र नागाला राहवले नाही. खोटी गोष्ट ऐकणे त्याला शब्द मोडण्याहून जड गेले. "हसत कुठला," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचे पोर. अंधाराला भीत होते. दादाचा शेला दोन्ही हातांनी धरून बसले होते." मग फणा भिंतीकडे वळवून तो म्हणाला, "तो मागच्या दालनात आहे. जिवंत आहे. त्याच्यावरून काळ जात नाही. आता जा तू."

परतीच्या वाटेवर कुवलया फार हळू चालली. खिंड ओलांडली, तिथे यक्षाने मांडी अजून वरच धरली होती, आरशात बघत डोह ओलांडला, तरी ती एकच विचार करत होती. शाप दोघांना ओळखतो. सांगणाऱ्याला ओळखतो, आणि ऐकणाऱ्यालाही. पहिल्या नाटकात तिने सांगणाऱ्याला मुखवटा दिला होता. ऐकणारा राजा मात्र उघडाच बसला होता, आणि रेवण थेट त्याच्याशी बोलला होता. यक्षाशी थेट बोलली असती तर तीही आज यक्षाच्या पोटात असती.

मग ऐकायला दुसरा राजा हवा. आणि जे त्याला ऐकवायचे ते खरेही असायला नको.

ती वाटेतच थांबली. उभ्या उभ्या तिला सगळे नाटक दिसले.

भारद्वाज झाडावर तिची वाट पाहत होता. तिने त्याला सांगितले. 

"नाटकात नाटक," तो म्हणाला. "मी चार राज्ये आणि सात शाप पाहिले, पण असे घर बांधणारे कोणी पाहिले नाही. बाहेरच्या दाराने येणारा शाप आतल्या दाराशी चुकेल. कर."

कुवलयाने सात दिवसांत नाटक लिहिले. बाहेरचे नाटक असे, की एक राजा आपल्या वाढदिवसाला नाटक बघायला बसला आहे. आतले नाटक असे, की दोन भाऊ गुहेत जातात, धाकटा हसत हसत मागे राहतो आणि थोरला खजिना घेऊन येतो. राजाचे काम तिने स्वतःकडे घेतले. धाकटा भाऊ कोण करणार, असे मंडळीत विचारताच रेवण कुबडी टेकीत पुढे आला.

"अजून एक पाय शिल्लक आहे," तो म्हणाला.

पहिल्या खेळानंतर दरबारात खेळ करायचा तर मांत्रिकाची परवानगी लागे. कृकलासाने पोथी मागवली आणि ओळ न् ओळ वाचली. धाकटा भाऊ हसत राहतो तिथे तो थांबला.

"हे असेच झाले, असे तुला वाटते?" त्याने विचारले.

"मी नाटक लिहिते," कुवलया म्हणाली. "झालेले मला काय ठाऊक?"

कृकलास खूश झाला. खोटे राजासमोर खेळले, की खरे आणखी खोल जाईल, असा त्याने हिशेब केला. आपल्या हाताने त्याने पोथीवर अक्षता टाकल्या.

राजाच्या वाढदिवसाला सकाळी दरबार भरला. भिंतीशी अकरा पाषाण, मध्ये प्रजा, समोर सिंहासनावर राजा. पडदा उघडला. मंचावरही एक सिंहासन होते आणि त्यावर भेंडाचा हलका मुकुट घालून कुवलया बसली होती. खरा राजा आणि खोटा राजा एकमेकांसमोर बसले. दोघांच्या मध्ये, मंचाच्या पुढच्या भागात, आतले नाटक सुरू झाले.

रेवण कुबडी टेकीत आला. त्याने खऱ्या राजाकडे पाहिले नाही. तो मंचावरच्या राजाकडे वळून म्हणाला, "महाराज, आपला भाऊ मी."

 शाप आला, हे सगळ्यांना कळले, कारण समयांच्या ज्योती एकाच बाजूला झुकल्या. तो रेवणपाशी गेला, पण रेवण ज्या राजाशी बोलत होता त्याचा मुकुट भेंडाचा होता. तो कुवलयापाशी गेला, पण तिला भाऊच नव्हता. मग तो नुसताच मंचावर इकडून तिकडे फिरू लागला. पडदा हलत राहिला. रेवणचे पाऊल होते तसेच राहिले.

आतल्या नाटकात थोरला भाऊ निघाला. धाकट्याने त्याला हात केला. रेवण हसला, छान हसला, आणि म्हणाला, "दादा, तू जा. मला इथे बरे वाटते."

"शाबास," कुवलया मंचावरून म्हणाली. "असा भाऊ सगळ्यांना मिळो."

"नाही," कोणीतरी म्हणाले.

आवाज फार मोठा नव्हता. कुवलयाने मान वर केली. खरा राजा सिंहासनावरून उठला होता. तो रेवणकडे पाहत होता, आणि चुकीचा सूर लागल्यावर गवयाच्या कपाळावर येते तशी आठी त्याच्या कपाळावर होती.

"तो हसला नव्हता," राजा म्हणाला.

तीन शब्द झाले, आणि राजाची दोन्ही पावले दगड झाली.

 कुवलयाने इतका सगळा विचार केला, पण हे तिच्या ध्यानात आले नव्हते. राजा आपणच सांगू लागला तर शाप त्यालाही धरील, हे तिला सुचलेच नव्हते. एका क्षणात पडदा पाडता आला असता. दोर तिच्या हाताशी होता.

"पडदा पाडा," मांत्रिक ओरडला. "महाराजांना भ्रम झाला आहे."

कुवलयाने राजाकडे पाहिले. राजाला आपली पावले दिसत होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे, त्या भेंडाच्या मुकुटाकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत आता कोणी थांबवू नये एवढेच होते.

तिने दोराला हात लावला नाही. मुकुट सावरला आणि राजाने राजाशी बोलावे तशी ती बोलली. "आमच्या कवीला पुढचे ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक असेल तर सांगावे."

"त्याने माझा शेला धरला होता," राजा म्हणाला. दगड गुडघ्यापर्यंत आला. "दोन्ही हातांनी. तो म्हणाला, दादा, मी राहतो, पण दिवा ठेवून जा." दगड कमरेला आला. "माझ्याकडे एकच दिवा होता. मला वाट दिसायला हवी होती. मी दिवा घेऊन आलो. तो शेला सोडेना, तेव्हा मी त्याची बोटे एकेक करून उलगडली."

 दगड छातीपर्यंत चढला होता, राजाला श्वास घेणे जड जात होते.

"मग?" कुवलयाने विचारले.  पुढचे तिलाही खरोखरच ठाऊक नव्हते, नागालाही नव्हते.

"बाहेर आल्यावर कृकलासाने मला पेला दिला. म्हणाला, हे प्यायल्यावर दुःख राहणार नाही. मला कोणी फसवले नाही. कसले दुःख, हे मी विचारले नाही. मला ठाऊक होते." राजाने डोळे मिटले. "मी आपल्या हाताने प्यायलो. माझा भाऊ जयंतक, त्याला मी विसरलो नाही. मी त्याला विसरून टाकला."

दगड गळ्याशी आला आणि थांबला. शापाला सांगणारा एक आणि ऐकणारा दुसरा लागतो. इथे सांगणारा राजा होता आणि ऐकणाराही राजाच होता. सांगणाऱ्याला दगड करावे तर ज्याने कधी ऐकू नये तोच ऐकून बसलेला. शापाला जायला जागा उरली नाही. राजाच्या डोळ्यांतून बारा वर्षांनी पाणी आले, दगडावरून ओघळले, आणि जिथे जिथे ते लागले तिथे दगडाला तडा गेला.

उलटलेला शाप करणाऱ्याकडे जातो. कृकलास हात पुढे करून उभा होता, तसाच तो दगड झाला.

मग भिंतीशी एकेक माणूस हलू लागला. राजगुरूंनी तोंड मिटले. राजमाता मटकन खाली बसली, आणि राजा तुटल्या दगडांतून पाय काढीत तिच्याकडे धावला. रेवणने कुबडी बाजूला टाकली आणि दोन पावले टाकून पाहिली. भूधर सूत्रधाराने डोळे चोळले. समोर भेंडाचा मुकुट घालून आपली मुलगी उभी आहे आणि ती सहा वर्षांनी मोठी झाली आहे, हे त्याला हळूहळू कळले.

"माझे वाक्य अर्धे राहिले होते," तो म्हणाला. "पुढचे कोणी म्हटले?"

"महाराजांनीच."

"आणि तू काय केलेस?"

"मी चुकीचे सांगितले, बाबा."

भूधराने मंचाकडे पाहिले. एका सिंहासनासमोर दुसरे सिंहासन, मध्ये आतल्या नाटकाची जागा, मागे अजून हलणारा पडदा. तो जन्मभर नाटके करत आला होता. सगळे त्याच्या ध्यानात आले, तेव्हा त्याने खांद्यावरचे उपरणे काढून दोन्ही हातांनी मुलीपुढे धरले. सूत्रधार आपल्याहून थोर सूत्रधाराला असेच वंदन करतो.

राजा त्याच दिवशी निघाला. गुहेतून आणले होते तेवढे धन राजकोशातून काढून गड्यांच्या पाठीवर दिले आणि तो त्यांच्यापुढे पायी चालला. डोहापाशी कुवलयाने आरसा धरला. खिंडीतल्या यक्षाने गड्यांचा तांडा पाहून मांडी आपणच बाजूला घेतली. गुहेच्या तोंडाशी राजाने नागाचा खजिना त्याला परत दिला, सगळ्यांना थांबवले आणि हातात पेटता दिवा घेऊन तो एकटा आत गेला.

फार वेळाने दोघे बाहेर आले. जयंतक एकोणीसच वर्षांचा होता. राजाचे केस पांढरे झाले होते. उजेडात आल्यावर जयंतकाने भावाकडे नीट पाहिले.

"दादा, तीन दिवस म्हणाला होतास," तो म्हणाला.

 राजा वाळूत गुडघे टेकून बसला.  जयंतकाच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो त्याने लपवला नाही. मग त्याने खाली वाकून भावाला दंडाला धरून उठवले. "आईकडे जाऊ," तो म्हणाला. "बाकीचे वाटेत बोलू."

ते वाटेत काय बोलले हे कोणी ऐकले नाही. पण वेशीत पोचले तेव्हा दोघांचेही डोळे सुजलेले होते आणि दोघे एकाच चालीने चालत होते. त्या दिवशी गावात घरोघरी चूल पेटली. एका मुलीने भाकरीबरोबर गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ती घाबरून आईकडे धावली, कारण तिच्या तोंडात काहीतरी होत होते आणि त्याला काय म्हणतात हे तिला माहीत नव्हते.

आई म्हणाली, "बाळे, ते गोड."

राजाने पुढे पुष्कळ वर्षे नीट राज्य केले आणि जयंतकाला शेजारी बसवले. दरवर्षी वाढदिवसाला दरबारात मंच घालत, त्यावर दुसरे सिंहासन मांडत, आणि राजा स्वतः खाली बसून त्याच्याकडे पाही. कुवलया सूत्रधार झाली.

जसे त्या राज्याचे दगड बोलते झाले, तसे तुमच्या आमच्या घरचे अबोले सुटोत. आणि बोलायला जीभ उचलत नसेल, तर देव एखादा नाटक्या धाडो.